‘तू ठरव’ म्हणणाऱ्या नवऱ्याला आधी शेजारी बसव

पत्र असं आलं आहे :

‘अक्का, माझं वय ३३, नवऱ्याचं ३६. लग्नाला सहा वर्षं झाली. बेळगावच्या शहापुरात सासूबाईंबरोबर राहतो. मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे, हे उद्यमबागेत कारखान्यात मशीनवर. मूल हवं की नको, हेच मला कळत नाही. एक आठवडा वाटतं, हवं. पुढच्या आठवड्यात छातीत धडकी भरते. हे म्हणतात, “तू ठरव, तुझं जे असेल ते माझं.” इतकी वर्षं निरोध वापरला. हल्ली कधी वापरतो, कधी नाही, झालं तर झालं म्हणून. सासूबाई वाईट नाहीत, पण माघ पौर्णिमेला यल्लमाच्या डोंगरावर जाऊन नवस बोलूया म्हणतात. गल्लीतल्या बायका विचारतात, “काय गे, अजून किती वाट बघूलालीस?” दीर म्हणतो, आपली माणसं इथं कमी होत चाललीत, आणि तुम्ही शिकलेले असं करता. बहिणीचं बाळ मांडीवर घेतलं तरी मला काही होत नाही. माझ्यात काही कमी आहे का? माझं माहेर जांबोटीकडं. मी बारा वर्षांची असताना धाकटा भाऊ झाला, आणि आई दोन वर्षं कोपऱ्यात बसून होती. लोक म्हणायचे, बाहेरचं झालंय. भावाला मीच सांभाळला. आई आता बरी आहे, त्या दिवसांबद्दल बोलत नाही. पण ते जुनं झालं. डॉक्टर म्हणाल्या, आता उशीर नको. नाही म्हटलं आणि पस्तावले तर? हो म्हटलं आणि पस्तावले तर? म्हातारपणी कोण बघणार? दत्तक घेतलं तर चालेल का? सासूबाईंबरोबर डोंगरावर जाऊ की नको, तेवढं तरी सांगा. – एक वाचक, शहापूर’

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळले. ‘पण ते जुनं झालं.’ सासूबाई, दीर, गल्लीतल्या बायका या सगळ्यांबद्दल तू प्रश्न विचारलेस. आईच्या त्या दोन वर्षांबद्दल एकही विचारला नाहीस. मी तिथूनच सुरुवात करते.

जांबोटीकडचा पाऊस मला ठाऊक आहे. चार-चार महिने कपडे वाळत नाहीत. त्या पावसात तू दुपटी चुलीच्या धगीवर धरून वाळवली असशील. रात्री भाऊ रडायला लागला की आधी आईच्या अंथरुणाकडे बघितलं असशील आणि ती हलत नाही म्हणून उठली असशील. शाळा किती बुडली, ते तू लिहिलेलं नाहीस. बारा वर्षांच्या पोरीचा हात लहान असतो गं, तान्ह्या बाळाची मान धरायला पुरत नाही.

मूल हवं म्हणणाऱ्या बहुतेक मुलींच्या डोळ्यांपुढे पाळणा असतो, तीट लावलेलं, टाळू भरलेलं बाळ असतं. तुझ्या डोळ्यांपुढे रात्र येत असेल, तर त्यात नवल नाही. तान्हं बाळ सांभाळणं म्हणजे काय, हे तू अंगानं सोसून शिकलीस, आणि तेही कुणी न विचारता. म्हणून बहिणीचं बाळ मांडीवर आल्यावर ‘काही होत नाही’ यात मला उणेपणा दिसत नाही. ज्या कामात बालपण संपलं, त्या कामाला पुन्हा हात लावताना माणूस थिजतं. माझा अंदाज चुकत असेल तर तसं कळव, पण एकदा या बाजूनं स्वतःकडे बघ.

आणि बाळ बघताच जिला पान्हा फुटल्यासारखं होतं तीच चांगली आई होते, असंही काही नसतं. माझा थोरला दवाखान्यात माझ्या हातात दिला तेव्हा मला फक्त झोप हवी होती. मी घाबरले, कुणाला सांगितलं नाही. माया आली ती दोनेक महिन्यांनी, तो मला ओळखून हसायला लागला तेव्हा. काहींना लगेच येते, काहींना उशिरा. काहींना मूल नकोच असतं आणि त्याही तुझ्या-माझ्यासारख्याच धडधाकट, मायाळू बायका असतात. मांडीवरच्या बाळाला बघून काय वाटलं, यावरून हा निर्णय घेऊ नकोस.

आता आईबद्दल. मी डॉक्टर नाही आणि इतक्या वर्षांनी इथं बसून आईला काय झालं होतं ते सांगू शकत नाही. पण ‘बाहेरचं झालंय’ म्हणून ज्या बायकांना अंगारे-धुपारे केले गेले, त्यांतल्या कितीतरी जणींना बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. बाळंतीण पहिल्या आठवड्यात उगीच रडते, हे खूप जणींचं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तसं न ओसरता उदासी टिकून राहिली, बाळाला घ्यावंसं वाटेना, बाळ निजलं तरी आईला झोप लागेना, जगू नये असं वाटू लागलं, तर तो आजार असतो. त्याला उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं डॉक्टरांकडे आहेत. आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. होईलच असं नाही. पण आधी माहीत असलं, तर सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना आणि घरातल्यांना सांगून ठेवता येतं की बाळंतपणानंतर माझ्यावर लक्ष ठेवा.

म्हणून तुला पहिलं काम सांगते. मूल हवं की नको, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. माहेरी जा. एकटी जा, दोन दिवस राहा. दुपारची निवांत वेळ बघून आईजवळ बस आणि विचार, ‘त्या वेळी तुला काय होत होतं गं?’ ती बोलणार नाही कदाचित. मग आत्याला विचार, वडिलांना विचार. तुझ्या वेळी, बहिणीच्या वेळीही असं झालं होतं का, ते विचार. आईला दोष द्यायला जायचं नाही. तिची काळजी घेणारं कुणी नव्हतं, आणि तुझी तर त्याहून नव्हती. परत आल्यावर झोप उडाली, जुनं उमाळून आलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. समोर बसून बोलायचं असेल तर धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

धडकी भरते ती बाळाची, की पुन्हा एकटीनं सगळं उचलावं लागेल याची? माझ्या मते तुझा खरा प्रश्न इथं आहे. आणि त्याचं अर्धं उत्तर तुझ्याकडे नाहीच. ते तुझ्या नवऱ्याकडे आहे.

‘तू ठरव, तुझं जे असेल ते माझं.’ वाक्य गोड आहे, आणि माणूस चांगला आहे हेही पत्रातून कळतं. जबरदस्ती न करणं म्हणजे मान देणं, असं त्याला मनापासून वाटत असणार. पण या वाक्यानं त्यानं सगळा भार तुझ्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः ड्यूटीवर गेला. उद्या मूल झालं आणि जड गेलं, तर निर्णय तुझा. नाही झालं आणि पन्नाशीत त्याला खंत वाटली, तरी निर्णय तुझाच. बाराव्या वर्षी तुला कुणी विचारलं नाही. आता विचारलं आहे, पण सोबत कुणी नाही. तुला दोन्हींत फारसा फरक वाटत नसेल, तर मला ते समजतं.

त्याला शेजारी बसव आणि सांग, ‘माझं काय ते बाजूला ठेवा. तुमचं काय आहे ते सांगा.’ तो ‘तुझं तेच माझं’ म्हणेल. ऐकू नकोस. त्याला स्वतःचं बोलू दे. बाप व्हावंसं वाटतं का, कशासाठी वाटतं, कशाची भीती वाटते. त्याच्या मनात इच्छा असेल आणि तुला त्रास नको म्हणून त्यानं ती दाबली असेल, किंवा त्याला नकोच असेल आणि आईपुढे बोलायची सोय म्हणून तो तुझं नाव पुढे करत असेल. दोन्ही शक्य आहे. सहा वर्षांच्या संसारात हे एकमेकांना माहीत असायला हवं.

मग कामाचं बोला, अगदी बारीकसारीक. त्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात बाळाजवळ कोण? ताप आला तर सुट्टी कोण टाकणार? तुझ्या पतसंस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, आणि आधीच्या १२ महिन्यांत तुझे ८० दिवस भरले असतील, तर कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा तुला मिळते. खाजगी कारखान्यात बापाला रजा देण्याचा असा कायदा नाही. म्हणजे तो काय करणार, हे त्याच्या स्वतःच्या साठलेल्या रजेतून आणि मालकाशी बोलून आत्ताच बघावं लागेल. सातव्या महिन्यानंतर बाळ सासूबाईंकडे राहील, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. त्यांना विचारलं आहे का? त्यांचे गुडघे कसे आहेत? नातवंडासाठी नवस बोलणं आणि रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते नातवंड सांभाळणं, यांत अंतर आहे. हे त्याही समजतील, त्यांच्याशी सरळ बोललात तर.

आणखी एक करून बघा. बहिणीला दोन दिवस विश्रांती हवीच असेल. तिचं बाळ वरचं खात असेल तर शनिवार-रविवार घरी आणा, आणि त्या दोन दिवसांत सगळं त्याला करू दे. भरवणं, शी-शू, झोपवणं, रात्रीचं उठणं. तू घरात राहा, पण हात लावू नकोस. सासूबाईंनाही सांगून ठेव. तुला काय वाटतं हे बघण्यासाठी नाही. त्याला बघण्यासाठी. रविवारी रात्री तो चिडलेला आहे, की थकलेला पण हसतमुख आहे, की बाळ परस्पर आईकडे सोपवून मोकळा झाला आहे, ते तुला दिसेल. बाळाला कडेवर घेऊन तो अंगणात फेऱ्या मारत असताना तुझ्या छातीवरचं ओझं हललं का, तेही तुझं तुला कळेल.

दोघांचं जुळलं नाही तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. मूल आणायचं तर दोघांचं ‘हो’ लागतं. एकाचंही मनापासून ‘नाही’ असेल तर थांबायचं. इथं अर्ध्यावर तडजोड होत नाही, आणि एकाच्या समाधानासाठी आणलेलं मूल त्या घरात सगळ्यांत आधी ते ओळखतं. यात संसाराला तडा जाऊ शकतो. ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

वयाचं सांगते, कारण डॉक्टरांच्या एका वाक्यानं तू धास्तावली आहेस. बाईची गर्भ राहण्याची क्षमता तिशीनंतर हळूहळू उतरते, पस्तिशीनंतर जरा वेगानं, आणि आपोआप गर्भपात होण्याची शक्यता वयाबरोबर वाढते. डॉक्टर चुकीचं बोलल्या नाहीत. पण ३३ म्हणजे या महिन्यात ठरवलंच पाहिजे असंही नाही. कुणी ए.एम.एच.ची रक्तचाचणी करायला सांगेल. तिच्यातून अंडाशयात साठा साधारण किती आहे त्याचा अंदाज येतो. आपसूक दिवस राहतील की नाही, हे ती सांगत नाही, तेव्हा त्या आकड्याला भिऊन निर्णय घेऊ नकोस. आणि वय फक्त तुझंच मोजायचं नाही. दिवस राहायला अडचण येते अशा जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं.

मात्र ‘झालं तर झालं’ हे आजपासून बंद करा. यावर मी ठाम आहे. तुम्हा दोघांना ठरवायचं धाडस होत नाही, म्हणून तुम्ही नशिबावर सोडून दिलंय. असं राहिलेलं मूल तुला पुन्हा बाराव्या वर्षात नेऊन ठेवेल, कुणी न विचारता. एक मुदत घाला, या गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत म्हण, आणि तोवर साधन नीट वापरा. निरोध वापरायचा तर प्रत्येक वेळी. नाहीतर तांबी बसवून घे. एक प्रकार दहा वर्षं चालतो, पण दहा वर्षं ठेवावीच लागते असं नाही. काढली की लगेच दिवस राहू शकतात. आठवड्याला एक घ्यायची छाया गोळी आहे, पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घेतात. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही मिळतं, पण ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तुझ्या वयाला, अजून काही ठरलेलं नसताना, मी ते निवडलं नसतं. तुला काय सोसेल ते डॉक्टरांना विचारून घे.

‘हो’ ठरलं, तर प्रयत्नाच्या निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घेणं. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणीला जायचं, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, आणि दोघांनी जायचं.

दिराचं बोलणं मला लागलं. मीही १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालले आहे, आधी वडिलांचं बोट धरून, मग माझ्या मुलांना घेऊन. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं ते दुःख आमच्या घरात अजून ताजं आहे, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे मीही डोळे लावून बसले आहे. मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना बघून माझ्या पोटात कालवतं. पण सीमाप्रश्नाचं ओझं कुणाच्या कुशीवर ठेवायचं नसतं. दिराला शाळेची एवढी कळकळ असेल तर त्यानं आपली मुलं मराठी शाळेत घालावीत, गल्लीतल्या मुलांची शिकवणी घ्यावी. ‘आपल्यात असं कुणी करत नाही’ असं म्हणत असेल, तर त्याला सांग, र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्यांनी व मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं विचारपूर्वक ठरवलं होतं. मराठी घरात हा विचार शंभर वर्षांचा जुना आहे.

गल्लीतल्या बायकांना ‘बघूलालोय दोघं मिळून’ एवढं सांग आणि पुढे चल. ‘दोघं’ या शब्दावर जरा जोर दे.

म्हातारपणाचं म्हणशील तर माझी दोन मुलं आहेत, एक पुण्यात, एक बेंगळुरूला. दोघंही गुणी, रोज फोन करतात. गेल्या पावसाळ्यात मी मागच्या दारी घसरून पडले तेव्हा मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते शेजारणीनं. मुलं रात्री पोचली. आली, आठ दिवस राहिली, त्याचं मला समाधान आहे. पण त्या दुपारी हाक ऐकणारी शेजारीण होती म्हणून निभावलं. मूल असो वा नसो, बाजूला ठेवलेला पैसा, स्वतःच्या नावावरचं घर आणि शेजारपाजार हे जमवावंच लागतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात मूल नसलेल्यांचाही विचार आहे. ज्या नातेवाइकाला आपली मालमत्ता मिळणार, त्याच्याकडून पोटगी मागता येते.

दत्तकाचं मन असेल तर तो रस्ता खुला आहे, पण तोही दोघांच्या संमतीचाच. कायद्यानं नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होते. दोन वर्षांखालचं मूल हवं तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर नसावी लागते. तुमची आज ६९ होते, दर वर्षी दोननं वाढते, म्हणजे आठ वर्षं हातात आहेत. पण तान्ह्या मुलासाठी नोंदणीनंतर काही वर्षं थांबावं लागतं, ते त्यातून वजा कर. बाळंतपणाची भीती असेल तर दत्तकानं ती जाते. रात्री कोण उठणार, हा प्रश्न मात्र जात नाही.

पस्तावण्याचं मी काय सांगू? दोन्हीकडे पस्तावलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि दोन्हीकडे सुखानं जगलेल्याही. वडगावात आमच्या मागच्या घरात एक काकू होत्या. त्यांना मूल नव्हतं, घरात माग होता. ओटी भरायला त्यांना कुणी बोलवायचं नाही. ते त्यांना लागायचं, पण मूल नसल्याचं दुःख त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हा पोरींना त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसू द्यायच्या. मला अजून त्या मागाचा आवाज आठवतो. त्यांना जे सोसावं लागलं ते लोकांमुळे, आणि लोकांचं वागणं आपण आता बदलू शकतो. तुझ्या घरी हळदीकुंकू असेल तेव्हा मूल नसलेल्या बाईची ओटी पहिली भर.

राहिला डोंगर. सासूबाईंबरोबर जा. सौंदत्तीला माघ पौर्णिमेला मोठी गर्दी असते, त्यांना एकटीनं जाणं झेपणार नाही, आणि यल्लमा त्यांची आहे तशी तुझीही आहे. पण निघायच्या आधी नवऱ्यानं आईला सांगायला हवं. तू नाही, त्यानं. ‘आई, आमचं अजून ठरलेलं नाही, आमच्या नावानं नवस बोलू नकोस.’ हे त्याच्या तोंडून आलं म्हणजे त्या ऐकतील, आणि तो तुझ्या बाजूला उभा आहे हे तुलाही दिसेल. मग परडी भर, भंडारा लाव. सासूबाई देवीपुढे मनात काय मागतील, ते त्यांच्यावर सोड. तुला मागावंसं वाटलं तर आईसाठी माग. आणि माहेरी जाऊन आलीस की मला लिही, ती काय बोलली ते.

तुझी अक्का